दोन हात उजवीकडे

परसोडीच्या आयटी पार्कात पहाटेचे साडेचार.
काचेबाहेर धुकं असं, की खाली लावलेली माझी स्कूटी दिसेना.
हेडफोनमध्ये एक म्हातारा, तळ्याकाठच्या कुठल्याशा बर्फाळ शहरातून,
हीटर बंद पडला म्हणून फोन लावलेला,
आणि मलाच म्हणतो,
थांब पोरी, एक मिनिट.
एकच लाथ उरली आहे.

थांबले.
चौदा मिनिटं झाली होती कॉलला,
स्क्रीनवरचा आकडा पिवळ्याचा लाल होत चाललेला,
पलीकडच्या रांगेतून टीमलीडर भुवई उचलून बघत होता.
आणि म्हाताऱ्याच्या टीव्हीत साठ हजार माणसं
एकदम गप्प झाली.

नियम त्यानेच सांगितले होते, मी विचारलं नसताना.
चेंडू लांबट, वांग्यासारखा.
दोन पिवळे खांब, वरती काहीच नाही,
आभाळापर्यंत उघडं दार.
तीन सेकंद शिल्लक. एका गुणाने मागे.
एवढ्या मोठ्या दारातून घालायचा फक्त.

मग आवाज आला.
ओरडा नव्हता तो.
फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडत जावी
तसं काहीतरी, खाली, खाली,
आणि मग पोतं रिकामं.

उजवीकडून गेला, म्हातारा म्हणाला. दोन हात.
(तो फूट म्हणाला असेल. मी हात ऐकलं.)

अशा वेळी काय म्हणायचं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
मी म्हटलं,
आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.
तो हसला. खरंच हसला,
मग खूप वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला, तो पोरगा अजून तिथंच उभा आहे.
कोणी जात का नाही त्याच्याजवळ?

*

अजनीच्या पुलावर साडेसहाला मालगाडी अडलेली.
हातमोज्यांतून बोटं बधिर.
त्या पोराला मी पाहिलं नाही,
पण तो कसा उभा असेल हे मला माहीत होतं:
हात कमरेवर, नजर बुटाच्या नाडीवर,
जसं काही चूक नाडीची आहे.

अठ्ठ्याऐंशी साल. सेमीफायनल. समोर कामठीची टीम.
लोकोशेडकडून पेनल्टी मारायला शालिक बारापात्रे,
वय चोवीस, डावा पाय.
हे बाबांनी कधीच सांगितलं नाही.
रहमतकाकांनी सांगितलं, माझ्या साक्षगंधात,
पंगतीत, बुंदी वाढता वाढता,
आणि लगेच म्हणाले, त्याला नको बोलू.

घरी टीव्हीवर मॅच पेनल्टीवर गेली
की बाबा उठतात.
नळ आला का पाहून येतो, म्हणतात.
आमच्याकडे रात्री नळ येतच नाही.
आई बादली हातात देते तरी.

*

घरी पोचले तेव्हा ते अंगणात,
मफलर कानांवरून, बंबात काटक्या सारत.
का सांगितलं ठाऊक नाही. झोप डोक्यात चढली असेल.
सगळं सांगितलं: खांब, तीन सेकंद, ज्वारी,
दोन हात.

त्यांनी काटकी मोडली. अर्धी आत टाकली.
अर्धी हातातच राहिली.

वारा होता का?

मी विचारलंच नव्हतं.
होता ना, म्हटलं. जोरात होता. तळ्याकडून.

मंग, ते म्हणाले.

धूर माझ्याकडे वळला, मी सरकले.
बंबाची तोटी थेंब थेंब गळत होती,
तिला त्यांनी चिंधी गुंडाळली, घट्ट केली, परत सोडली.
मी चप्पल काढून दारात पोचले,
तेव्हा मागून:

अन् त्या बुढ्याचा हीटर?

गुरुवारी येतो म्हणे माणूस.

आज तं रविवार उजाडला, बाबा म्हणाले,
तिकडं शनिवारच असन अजून.
तवरिक थंडीतच बसन का तो?